टॅक्सच्या पावतीतली शाळा

विजेचं बिल आलं की आपण आधी युनिट बघतो. किराण्याच्या यादीत पाच रुपये जास्त लागले तर पोराला परत दुकानात पाठवतो. पण घरटॅक्सची पावती? ती आली की सरळ कपाटातल्या फायलीत! 'ते ह्यांचं खातं' म्हणून. आमच्याकडे घर सासूबाईंच्या नावावर आहे, त्यांना चष्म्यानंही बारीक अक्षर दिसत नाही, त्यामुळे पावती वाचून दाखवायचं काम माझं. सामान्य कर, मलजल, वृक्ष, आग... असं वाचता वाचता एक ओळ येते. शिक्षण उपकर.

सासूबाई दरवर्षी विचारतात, "हा पैसा कोणत्या शाळेला जातो गं?"

मैत्रिणींनो, तुम्हाला काय वाटतं? महालात बहुतेकींना वाटतं की तो गल्लीच्या कोपऱ्यावरच्या महापालिकेच्या शाळेला जात असेल. तसं नाही. १९६२ चा एक कायदा आहे, महाराष्ट्र शिक्षण व रोजगार हमी उपकर अधिनियम. त्यानुसार महापालिका हा उपकर फक्त गोळा करते, पैसा राज्य सरकारचा. रोजगार हमीचा उपकरही त्याच कायद्यातला, पण तो दुकान-कारखान्यांना लागतो, राहत्या घराला नाही. शिवाय घरात कुणी इन्कम टॅक्स भरत असेल तर तिथंही एक ओळ असते. २००४ साली केंद्रानं दोन टक्के शिक्षण उपकर लावला, २००७ मध्ये आणखी एक टक्का, आणि २०१८ पासून आरोग्य व शिक्षण मिळून चार टक्के. उपकराची गंमत अशी की तो केंद्राकडेच राहतो, इतर करांसारखा त्यातला वाटा राज्यांना मिळत नाही. आणि शिक्षकांचे पगार मात्र मुख्यतः राज्यानं द्यायचे!

"म्हणजे टॅक्स दोन ठिकाणी भरायचा, अन् शाळेचं छत गळतंच!" हे आमच्या शेजारच्या काकूंचं मत. काकांचं बुधवारीत कापडाचं दुकान आहे, त्यामुळे कर या विषयावर त्या अधिकारवाणीनं बोलतात.

हा विषय आमच्या ओट्यावर खरा पेटला तो मार्च २०२३ मध्ये. आठवतं नं? १४ मार्चला राज्यभरचे सरकारी कर्मचारी आणि शिक्षक जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले. 'एकच मिशन, जुनी पेन्शन'. इकडे दहावीचे पेपर सुरू. माझ्या मुलाची दहावी त्याच वर्षी! सकाळी त्याला दही-साखर देऊन पाठवायचं, आणि वर्गावर पर्यवेक्षक असतील की नाही म्हणून दिवसभर जिवाला घोर. परीक्षा झाल्या, पेपर पार पडले. पण त्या आठवड्यात घराघरांत काय बोलणं झालं, ते ज्या घरी मूल आणि मास्तरीण दोन्ही आहेत तिथं विचारा. आमचं तसंच घर आहे. माझी जाऊ अनुदानित शाळेत विज्ञान शिकवते. ती संपावर होती आणि तिचा पुतण्या परीक्षेला.

काकू तिच्या तोंडावर म्हणाल्या, "तुमचा पगार आमच्या टॅक्समधून होते. आमच्या ह्यांना कोण देते पेन्शन? दुकान बंद तर चूल बंद. अन् तुम्ही पोरांच्या परीक्षेच्या तोंडावर संप करून राहिल्या!"

जाऊ सहसा उलट बोलत नाही. त्या दिवशी बोलली. "काकू, मी २००७ ला लागली. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसते ती बाई २००४ ची. आम्ही दोघी तेच शिकवतो, तेवढेच पेपर तपासतो. तिला म्हातारपणी पेन्शन आहे, मला नाही. तुमच्या दुकानात दोन नोकर असते, अन् एकाला तुम्ही बोनस दिला, दुसऱ्याला सांगितलं तू दिवाळीनंतर आला... तर?"

झगडा या एका तारखेचा आहे, १ नोव्हेंबर २००५. त्याआधी लागलेल्यांना जुनी पेन्शन. म्हणजे पगारातून कपात नाही, निवृत्तीनंतर शेवटच्या पगाराच्या जवळपास निम्मी रक्कम, वर महागाई भत्ता, आणि मागे राहिलेल्या जोडीदाराला कुटुंब निवृत्तिवेतन. त्या तारखेनंतरच्यांना अंशदायी योजना. दर महिन्याला पगारातून दहा टक्के कापायचे, सरकारनं आपला वाटा टाकायचा, आणि शेवटी जे जमेल, बाजार जे देईल, ते. जाऊ म्हणते, कापलेले पैसे नेमके कुठं जमा आहेत याचा साधा हिशेब मिळायला तिला वर्षं लागली. आपण भिशीतसुद्धा वहीवर सही घेतो!

आता दुसरी बाजू. डिसेंबर २०२२ च्या हिवाळी अधिवेशनात, आपल्याच नागपूरच्या विधान भवनात, तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि अर्थमंत्री देवेंद्र फडणवीस म्हणाले होते की जुनी पेन्शन पुन्हा लागू केली तर राज्यावर सुमारे एक लाख दहा हजार कोटींचा बोजा पडेल, म्हणून ती देता येणार नाही. हा आकडा ऐकून काकूंनी हात जोडले होते. मला विचाराल तर हा आकडा काही उगाच भीती घालायला नव्हता. तिजोरीत एका हाताला पेन्शन वाढली की दुसऱ्या हाताला काहीतरी कमी होणारच, आणि ते कमी होणारं 'काहीतरी' बहुतेक वेळा शाळेची खोली, प्रयोगशाळा, नवीन भरती असतं. कोल्हापुरात तर संपाच्या काळात सुशिक्षित बेरोजगार पोरांनीच संपाविरुद्ध मोर्चा काढला. त्यांचंही काय चुकलं?

पण राजकारणाचं गणित वेगळं. अधिवेशन संपून महिना होतो न होतो तोच नागपूर शिक्षक मतदारसंघाची निवडणूक आली. भाजपनं पाठिंबा दिलेले, दोन वेळा आमदार राहिलेले नागो गाणार हरले आणि विदर्भ माध्यमिक शिक्षक संघाचे सुधाकर अडबाले महाविकास आघाडीच्या पाठिंब्यावर निवडून आले. जुन्या पेन्शनचा राग मतपेटीत उतरला असंच सगळे म्हणाले. संप २० मार्चला मागे घेतला गेला, समिती नेमली गेली. पुढं जानेवारी २०२४ मध्ये, ज्यांच्या भरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाली होती त्या राज्य कर्मचाऱ्यांना जुन्या पेन्शनचा पर्याय द्यायचं ठरलं. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यानं केंद्राची एकीकृत पेन्शन योजनाही स्वीकारली.

या मतदारसंघाबद्दल एक गोष्ट मला फार मजेची वाटते. आपल्या विधान परिषदेत ७८ जागा, त्यातले ७ आमदार फक्त शिक्षक निवडून देतात. घटनेतच तशी सोय आहे. पण मत कुणाला? माध्यमिक आणि त्याच्या वरच्या संस्थांतल्या शिक्षकांना. पहिलीत पोराचा हात धरून 'अ' गिरवून घेणाऱ्या प्राथमिकच्या बाईला मत नाही! आणि प्राथमिकमध्ये आपल्याच बाया जास्त. पालकांचा मतदारसंघ असतो का, असं काकूंनी विचारलं, तेव्हा सगळ्या हसल्या. मी नाही हसले. प्रश्न बरोबर होता.

काकू म्हणतात की संघटना नकोच. हे मात्र आमच्या सासूबाईंसमोर बोलायची सोय नाही. त्या स्वतः सत्तरच्या दशकात एका खासगी शाळेत शिकवायच्या. शाळेचं नाव त्या सांगत नाहीत, मीही नाही लिहीत. पण तेव्हा सही एका रकमेवर आणि हातात दुसरीच रक्कम, हे सर्रास होतं म्हणे. पगार कधी दोन महिन्यांनी, कधी तीन. बाळंतपणाची रजा मागितली तर 'बाई, आता घरीच बसा' असं उत्तर. तक्रार कुणाकडे करणार? संस्थाचालकच मालक! त्यानंतर १९७७ चा खासगी शाळा कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा आला, १९८१ ची नियमावली आली, आणि मग कुणालाही असं एका चिठ्ठीवर काढून टाकता येईना. त्याच सुमाराला, १९७७-७८ मध्ये, राज्य कर्मचाऱ्यांचा तो गाजलेला ५४ दिवसांचा संप झाला. शिक्षकही त्यात होते. सासूबाई सांगतात, "दीड महिना वाण्याकडून उधारीवर आणलं. तुझ्या नवऱ्याला दुधाऐवजी पेज पाजली. पण नंतर शाळेत मान वर करून चालता येऊ लागलं."

त्यामुळे संघटना कशासाठी लागते हे मला घरातच कळलं आहे. माझी तक्रार दुसरीच आहे. पगार, पेन्शन, बदल्या, अशैक्षणिक कामं यासाठी मोर्चे निघतात, निघावेत. पण मुलींच्या शाळेतल्या संडासाला कडी नाही म्हणून एखाद्या संघटनेनं कधी एक दिवस तरी धरणं धरलं का? असेल तर मला आनंद आहे. आमच्या महालात तरी मी पाहिलं नाही.

हे झालं पगार मिळणाऱ्यांचं. आता माझ्या भाचीची गोष्ट ऐका.

बी.एस्सी., बी.एड. हुशार पोरगी. बारा वर्षांपूर्वी विनाअनुदानित शाळेत लागली. लागली तेव्हा घरात पेढे वाटले. पगार? 'शाळेला अनुदान आलं की मिळेल.' सरकारनं २००१ च्या आसपास नव्या शाळांना परवानगी द्यायची ती 'कायम विनाअनुदानित' या अटीवरच, असं धोरण धरलं. म्हणजे शाळा काढा, पण आमच्याकडे पैसे मागू नका. शाळा निघाल्या, गोरगरिबांची पोरं आली, त्यांच्याकडून फी किती घेणार? मग पिळले गेले शिक्षक. जुलै २००९ मध्ये 'कायम' हा शब्द काढला गेला. २०१६ मध्ये पात्र शाळांना वीस टक्के अनुदान सुरू झालं. नंतर टप्प्याटप्प्यानं वीस-वीस टक्के. शंभर टक्के पगार असलेल्या जाऊच्या आणि साठ टक्क्यांवरच्या भाचीच्या वर्गातली पोरं तीच, पुस्तक तेच, बोर्डही तोच!

मधल्या वर्षांत ती शिकवण्या घ्यायची, उन्हाळ्यात पापड-कुरडया करून विकायची. लग्नाच्या वेळी मुलाकडच्यांनी विचारलं, "पगार किती?" माझी बहीण गप्प बसली. काय सांगणार? 'शिक्षिका आहे' म्हणायचं, आणि आकडा सांगायचा नाही.

दर डिसेंबरला अधिवेशन आलं की ती यायची, आमच्याकडेच मुक्काम. नागपूरकरांना हे नवीन नाही. १९५३ च्या नागपूर करारामुळे अधिवेशन इथं, त्यामुळे महाराष्ट्राची सगळी गाऱ्हाणी डिसेंबरात आपल्या दारात. यशवंत स्टेडियमजवळ मंडप पडतात, मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला कठडे लागतात, ट्रॅफिक अडतं आणि आपण ऑटोत बसून चरफडतो. एका वर्षी मी तिच्यासाठी डबा घेऊन त्या मंडपात गेले. पोळ्या, झुणका, ठेचा, थोडा गुळ. पाहते तर काय, सतरंजीवर पंचवीस-तीस बाया, कुणाच्या मांडीवर तान्हं, कुणी उन्हाला पाठ करून चाचणीचे पेपर तपासून राहिलेली! नागपूरची डिसेंबरची थंडी तुम्हाला माहीत आहे. रात्री तिथंच झोपायच्या काही जणी. एक यवतमाळकडची बाई मला म्हणाली, "ताई, घरचे म्हणतात सोडून दे. आता चाळिशीत सोडून काय करू? टप्पा वाढला तर तेवढे दिवस वाया नाही गेले म्हणता येईल." डबा एकीचा नेला होता, खाल्ला आठ जणींनी.

ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, पुढचा वीस टक्के टप्पा देण्याचा निर्णय झाला. निर्णय झाला, पण पैशांची तरतूद झाली नाही! जुलै २०२५ मध्ये हजारो शिक्षक मुंबईच्या आझाद मैदानात पावसात बसले, तेव्हा कुठं निधी द्यायचं सरकारनं मान्य केलं. भाची तिथंही होती. छत्री आणि मुलगा घेऊन.

आणि त्याच वर्षी आपल्या नागपुरात काय निघालं? शालार्थ घोटाळा! शालार्थ म्हणजे ज्या संगणक प्रणालीतून शिक्षकांचे पगार निघतात ती. त्यात नाव चढलं, आयडी मिळाला की पगार सुरू. पोलिसांचं म्हणणं असं की नागपूर विभागात खोटी कागदपत्रं जोडून शेकडो बोगस आयडी तयार झाले आणि त्यावर सरकारी पगार उचलले गेले. एप्रिल २०२५ पासून शिक्षण खात्यातल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना अटक झाली, विशेष तपास पथक नेमलं गेलं. खटल्याचं जे व्हायचं ते कोर्टात होईल. पण बातमी वाचून भाचीचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती, हसत होती. "मावशी, मी बारा वर्षं खरी शिकवून राहिली, मला पूर्ण पगार नाही. अन् जे शाळेत गेलेच नाही त्यांचे पगार होऊन राहिले!"

काकूंना टॅक्सचा राग काढायचा असेल तर तो इथं काढावा, असं मी त्यांना सांगितलं. त्या दिवशी पहिल्यांदा काकू आणि जाऊ एका बाजूला होत्या.

आणखी एक. कर फक्त घरवाले, दुकानवाले भरतात असं आपण बोलून जातो. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणारी मावशी इन्कम टॅक्स भरत नाही, घरटॅक्सही नाही. पण तिच्या पोरीच्या पेन्सिलीवर बारा टक्के जीएसटी होता, वहीवर बारा टक्के, खोडरबरावर पाच टक्के. शार्पनरवर तर जुलै २०२२ मध्ये अठरा टक्के केला होता, पुढच्या फेब्रुवारीत तो बारावर आणला. २२ सप्टेंबर २०२५ पासून या सगळ्या वस्तू करमुक्त झाल्या, बरं झालं. तोवर तिनं साबणावर, बिस्किटावर, पेन्सिलीवर कर भरलाच होता नं? म्हणून तिच्या पोरीला आरटीईच्या पंचवीस टक्क्यांत खासगी इंग्रजी शाळेत जागा मिळाली, तेव्हा 'आमच्या टॅक्सवर शिकते' म्हणणाऱ्यांचा मला राग आला. ती स्वतःच्याही टॅक्सवर शिकते. सरकार अशा एका मुलामागे शाळेला वर्षाला १७,६७० रुपये देतं, म्हणजे द्यायला हवं. ते वेळेवर येत नाहीत म्हणून शाळा कुरकुरतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं नियम बदलला होता. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला ही पंचवीस टक्के अट नाही. महालासारख्या जुन्या वस्तीत, जिथं पावलापावलावर अनुदानित शाळा आहे, तिथं कुठल्या पोरीला जागा उरली असती? मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये तो नियम रद्द केला. आमच्या मावशीला कोर्टाचं काही माहीत नव्हतं, पण दोन महिने तिचा जीव टांगणीला लागला होता.

आता अनुदानित शाळेचं घर आतून कसं चालतं तेही सांगते, कारण माझी मुलगी अशाच मराठी शाळेत सातवीत आहे. अनुदान म्हणजे मुख्यतः पगार. खडू, वीज, पाणी, झाडू, रंगरंगोटी यासाठी वेगळं वेतनेतर अनुदान असतं. मध्ये काही वर्षं ते बंदच होतं, पुन्हा सुरू झालं तेही जुन्या वेतन आयोगाच्या हिशेबानं तुटपुंजं. आठवीपर्यंत फी घ्यायची नाही, आणि ते योग्यच आहे. मग पंखा बिघडला की पैसे कुठून? मग 'ऐच्छिक' देणगीची चिठ्ठी घरी येते. ऐच्छिक शब्दाखाली रक्कम छापलेली असते! पालक कंटाळतात, पोरांना इंग्रजी शाळेत घालतात, पट कमी होतो. पट कमी झाला की संचमान्यतेत शिक्षक कमी. शिक्षक कमी झाले की उरलेले पालकही जातात. महापालिकेच्या मराठी शाळा अशाच एकेक करून मिटल्या. महालातल्या नगरभवनात वर्षानुवर्षं महापालिकेच्या सभा होत, तिथून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या आम्हाला मात्र कोणती शाळा कधी बंद झाली हे कुलूप दिसल्यावरच कळायचं.

कोठारी आयोगानं १९६६ मध्ये सांगितलं होतं की राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करा. २०२० च्या नव्या धोरणातही तेच सहा टक्के लिहिले आहेत. साठ वर्षं होत आली. आमच्या घरी एवढे दिवस एखादी गोष्ट नुसती यादीत राहिली असती तर सासूबाईंनी यादीच फाडली असती.

आरटीई कायद्यात आपल्या हाताशी एक गोष्ट दिली आहे, शाळा व्यवस्थापन समिती. सरकारी आणि अनुदानित शाळांत तिचे पंच्याहत्तर टक्के सदस्य पालक असायला हवेत आणि निम्म्या सदस्य बाया. बहुतेक ठिकाणी यादी कागदावर तयार होते आणि सह्या घरी येऊन घेतल्या जातात. मागच्या वर्षी माझ्याकडेही सहीचा कागद आला. मी म्हटलं, सही बैठकीतच करीन. आम्ही चौघी गेलो. शाळेच्या बाजूनं बोलताना जाऊचा उपयोग झाला, कारण कोणत्या अनुदानाला काय म्हणतात ते तिनं आधीच शिकवून ठेवलं होतं. मुख्याध्यापक आधी थोडे अवघडले, मग त्यांनीच रजिस्टर उघडलं. वेतनेतरची आलेली रक्कम आणि वर्षाचं विजेचं बिल शेजारी शेजारी मांडलं, तर बिलच जास्त निघालं! उरलेलं संस्थेनं कुठून भरलं, हा प्रश्न आमच्यातल्या एकीनं विचारला. उत्तर पुढच्या बैठकीत मिळणार आहे. काकूंची नात यंदा त्याच शाळेत पाचवीत आली आहे. त्यांना घरून निरोप आलाय की हिशेब तपासायला आजीला न्या, तिला बिलं वाचता येतात.